आधी गाळ वाचा, मग खडे मोजा: समुद्रतळाच्या गाळातून ध्रुवीय हिमस्तराची जुनी हालचाल कशी काढायची

बडोद्यात भूशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींचे प्रकल्प नजरेखालून घालायला माझ्याकडे येतात. अंटार्क्टिकाच्या गाळावरच्या प्रकल्पांत चूक बहुधा एकाच जागी असते. नमुना आला की मुलं थेट चाळणीकडे वळतात. हिमनगांनी जमिनीवरून वाहून आणून वितळताना समुद्रतळावर टाकलेले खडे मोजतात, आलेख काढतात, आणि जिथे शेंडा दिसेल तिथे ‘हिमस्तर वाढला’ किंवा ‘हिमस्तर वितळला’ यांपैकी जे आधीपासून मनात असेल ते लिहून टाकतात. मोजणी सहसा ठीक असते, चुकतो तो क्रम. मोजणी हे खरं तर सहाव्या टप्प्याचं काम. त्याआधीचे पाच टप्पे वगळले, तर तोच आलेख दोन उलट गोष्टी सिद्ध करायला वापरता येतो.

इथला क्रम स्वतः नमुने हाताळणाऱ्यांसाठी आहे, तसाच पॅन्जिआसारख्या खुल्या संग्रहातून दुसऱ्यांची आकडेवारी उतरवून काम करणाऱ्यांसाठीही. दुसऱ्या गटाने पाचवा टप्पा नुसता वाचावा, बाकीचं काहीही वगळू नये.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा, मग नकाशा उघडा

‘हिमस्तराचं वर्तन’ हा प्रश्न होत नाही. बर्फाचा जमिनीवर टेकलेला काठ पुढे आला का, हा एक प्रश्न. समुद्रावर तरंगणारा बर्फाचा मंच टिकून होता का, हा दुसरा. हिमनग जास्त सुटत होते का, हा तिसरा. आतल्या खोऱ्यातून बर्फ मागे हटला का, हा चौथा. एकाच कोअरमधून, म्हणजे समुद्रतळात नळी घालून काढलेल्या गाळाच्या उभ्या दंडगोलातून, चारही उत्तरं मिळत नाहीत. आपली जागा कुठलं उत्तर देऊ शकते, हे ती किनाऱ्यापासून किती दूर आणि किती खोल आहे यावर ठरतं.

खंडमंचावरच्या, म्हणजे खंडाच्या पाण्याखाली बुडालेल्या कडेवरच्या, कोअरमध्ये बर्फ प्रत्यक्ष येऊन गेल्याचा पुरावा सापडतो. मॅकमर्डो बर्फमंचाखाली २००६-०७ मध्ये खोदलेला एएनडी-१बी हा सुमारे १२८५ मीटरचा कोअर त्याचं उत्तम उदाहरण: बर्फाने आणून टाकलेला सरमिसळ गाळ आणि उघड्या समुद्रातल्या डायटमांचे (सिलिकाच्या कवचाच्या सूक्ष्म शैवालांचे) थर त्यात आळीपाळीने येतात. पण पुढे सरकणारा बर्फ खालचा गाळ खरवडून नेतो, त्यामुळे अशा कोअरमधली पानं फाटलेली असतात. खंडमंच संपल्यावर लागणाऱ्या खंड-उतारापलीकडे, पूर्व अंटार्क्टिकातल्या विल्क्स लँडसमोरच्या यू१३६१ सारख्या जागी, नोंद बरीच सलग मिळते, मात्र ती अप्रत्यक्ष असते. स्कॉशिया समुद्रात तर अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला वळसा घालून आलेले हिमनग एकत्र होतात. तिथल्या खड्यांवरून एका हिमनदीबद्दल बोलणं म्हणजे बडोद्यातल्या मांडवीच्या गर्दीत उभं राहून कोण कुठल्या पोळातून (गल्लीतून) आलं ते सांगणं.

तपासा: ‘माझ्या कोअरमध्ये अमुक दिसलं, तर माझा अंदाज खोटा ठरेल’ असं वाक्य लिहिता येतंय का? येत नसेल तर नमुने मागवू नका.

२. कोअरचा पत्ता, खोली आणि तुटलेले भाग

आंतरराष्ट्रीय खोदाई मोहिमांच्या नमुन्यांवर ‘३१८-यू१३६१ए-६एच-३डब्ल्यू, ४५–४७ सेंमी’ अशा धर्तीचा पत्ता असतो. ३१८ ही मोहीम, यू१३६१ ही जागा, ए म्हणजे तिथलं पहिलं भोक, ६ हा कोअरचा क्रमांक. एच म्हणजे पिस्टनने काढलेला कोअर. ३ हा त्या कोअरचा तुकडा, डब्ल्यू म्हणजे उभ्या चिरलेल्या कोअरचा कामासाठीचा अर्धा भाग. सेंटिमीटर त्या तुकड्याच्या वरच्या टोकापासून मोजलेले असतात, समुद्रतळापासून नाही. हे साधं वाटतं, पण ४५ सेंमी ही थेट खोली समजून केलेला तक्ता मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे.

एच ऐवजी आर असेल तर कोअर फिरत्या पात्याने काढलेला आहे, आणि तिथे बहुतेक वेळा खोदलेल्या लांबीपेक्षा हाती आलेला गाळ कमी असतो. कमी आलेला गाळ त्या टप्प्याच्या वरच्या टोकाला आहे असं संकेताने धरतात. तो खरोखर तिथलाच होता याची हमी कोणी देत नाही.

दुसरी गफलत खोलीच्या मापपट्टीची. समुद्रतळापासून मोजलेली खोली एक, आणि शेजारच्या भोकांचे कोअर जुळवून तयार केलेली संयुक्त खोली वेगळी. एकाच जागेसाठी या दोहोंत काही मीटरचा फरक पडू शकतो. वय एका पट्टीवरून आणि खड्यांची संख्या दुसऱ्या पट्टीवरून घेतली, तर सगळा इतिहास हजारो वर्षांनी सरकतो, आणि आलेख मात्र अगदी देखणा दिसतो!

सावधान: पिस्टन कोअरची नळी साधारण ९.५ मीटरची असते. भोकाच्या भिंतीवरून सुटलेले खडे पुढच्या कोअरच्या डोक्यावर येऊन पडतात. तुमच्या आलेखात दर साडेनऊ मीटरला खड्यांचा शेंडा येत असेल, तर ते हवामानाचं चक्र नाही, खोदाईचं आहे. प्रत्येक कोअरच्या पहिल्या तुकड्याचा वरचा भाग छायाचित्रात बघा. तिथे मोकळी खडी दिसली की तो भाग सोडून द्या.

जहाजावरून टाकलेल्या, स्वतःच्या वजनाने गाळात घुसणाऱ्या नळीच्या साध्या गुरुत्व कोअरमध्ये वरचा मऊ गाळ निसटतो किंवा दबला जातो. ‘कोअरचा माथा म्हणजे आजचा दिवस’ हे शेजारच्या मल्टिकोअरशी (वरचा गाळ न हलवता काढलेल्या आखूड कोअरशी) ताडून पाहिल्याखेरीज गृहीत धरू नका.

३. गाळ तिथे कसा पोचला, ते आधी ठरवा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो, आणि लोक सगळ्यात आधी वगळतात तोही हाच. कोअरची छायाचित्रं, क्ष-किरण प्रतिमा, चुंबकीय ग्राह्यता (गाळ किती सहज चुंबकित होतो त्याचं माप) आणि घनतेचे आलेख एकाखाली एक लावा. मग दर थराला नाव देण्याआधी त्याचं वर्णन लिहा: रंग, कणांचा आकार, थराचा खालचा काठ धारदार की विरत जाणारा, किड्यांनी उकरल्याच्या खुणा आहेत की नाहीत, खडे कसे पसरलेत.

चिकणमाती, वाळू, गोटे सगळं एकत्र, कुठलीही प्रतवारी नाही, काँक्रीटसारखं घट्ट कालवलेलं, अशा गाळाला डायमिक्ट म्हणतात. तो बर्फाच्या तळाखाली चिरडून तयार झालेला असू शकतो, हिमनगांतून भरभर पडलेल्या मालाचा असू शकतो, किंवा उतारावरून घसरून आलेला असू शकतो. तिन्ही पहिल्या नजरेत सारखेच दिसतात. बर्फाखालचा असेल तर तो जास्त दाबलेला, कापायला कठीण असतो, त्यात वेगवेगळ्या वयाच्या डायटमांचे तुकडे मिसळलेले असतात, आणि त्याच्या तळाशी खरवडल्याची रेषा असते. मात्र निव्वळ कठीणपणावर विसंबू नका, मऊ असलेला बर्फाखालचा गाळही असतो. जवळचा समुद्रतळाचा नकाशा मिळाला तर त्यात बर्फाच्या ओढीने उठलेले लांब समांतर वरंबे किंवा टेकलेल्या काठाजवळ साचलेला पाचरीसारखा ढीग आहे का ते बघा. हिमनगाच्या बुडाने उकरलेल्या वेड्यावाकड्या चऱ्या वेगळ्या, त्यांची वरंब्यांशी गल्लत करू नका.

डायमिक्ट बर्फाखालचा ठरला की त्यात हिमनगांतून पडलेले खडे मोजण्यात अर्थ नाही. तिथे हिमनग नव्हतेच, वर सलग बर्फ होता. तरीही त्या थरातले खडे मोजून ‘हिमनगांचा महापूर’ दाखवणारे आलेख येतात.

बारीक, एकसुरी मातीत मधूनच एखादा खडा, आणि क्ष-किरणात त्या खड्याखाली वाकलेले पापुद्रे दिसले, तर तो वरून पडलेला आहे. पापुद्रे वाकलेले नसतील आणि खडे एकाच ओळीत असतील, तर समुद्रतळाच्या प्रवाहाने बारीक माती धुऊन नेली आणि जड माल मागे राहिला, ही शक्यता आधी तपासा. खाली भरड, वर बारीक होत जाणारा थर म्हणजे उतारावरून आलेला गढूळ लोंढा. खंड-उताराच्या पायथ्याशी असे लोंढे नेहमीचेच, आणि त्यांच्याबरोबर वाळू येते. ती वाळू हिमनगांच्या खात्यात धरली की पुढचं सगळं गणित फुकट.

हिरवट, हलका, चुंबकीय ग्राह्यता कमी असलेला डायटमांचा गाळ उघड्या पाण्याचा असतो. तिथे बर्फाचा मंच नव्हता, निदान उन्हाळ्यात सूर्यप्रकाश पाण्यात पोचत होता.

तपासा: प्रत्येक थरापुढे ‘वरून पडला’, ‘उतारावरून आला’, ‘प्रवाहाने धुतला’, ‘बर्फाखाली दाबला’ यांपैकी काहीतरी लिहिलेलं हवं. खात्री नसेल तर दोन्ही शक्यता लिहा. रिकामी जागा नको.

४. वय: कार्बनवर आंधळा भरवसा नको

अंटार्क्टिक खंडमंचावर चुनखडी कवचं फार कमी टिकतात. त्यामुळे कार्बन-१४ (रेडिओकार्बन) पद्धतीने कालमापन करायला लोक गाळातला सेंद्रिय कार्बन वापरतात. त्यात बर्फाने खरवडून आणलेला पुरातन कार्बन मिसळलेला असतो. कोअरच्या अगदी माथ्यावरचा, म्हणजे आजचा गाळही कित्येक हजार वर्षं जुना निघतो. माथ्याचं वय सगळ्या कोअरमधून सरसकट वजा करणं हा रूढ उपाय आहे, पण जुन्या कार्बनचं प्रमाण सगळ्या खोल्यांवर सारखंच होतं हे त्यात गृहीत धरलेलं असतं. बर्फ जवळ असताना ते वाढतं. म्हणजे नेमक्या ज्या काळाबद्दल प्रश्न आहे, तिथेच दुरुस्ती कमी पडते.

कवचं मिळाली तर ती घ्या. ध्रुवीय पाण्यात डावीकडे वळणारी ‘निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा’ ही फोरॅमिनिफेराची (चुनखडी कवचाच्या सूक्ष्म एकपेशीय जीवांची) जात सगळ्यात उपयोगी. तरी अंटार्क्टिक पाणी स्वतःच ‘म्हातारं’ आहे: तिथल्या जिवंत प्राण्यांच्या कवचांचं रेडिओकार्बन वयसुद्धा सुमारे ११०० ते १३०० वर्षं निघतं. संगणक प्रणालीत सागरी वक्र (रेडिओकार्बन वयाचं खऱ्या वयात रूपांतर करणारा आलेख) निवडून नुसतं बटण दाबलं तर ही दुरुस्ती पूर्ण होत नाही. जगाच्या सरासरी समुद्रासाठी केलेला तो वक्र ध्रुवीय पाण्याला जसाच्या तसा लावू नये, असं तो करणाऱ्यांनीच बजावलेलं आहे.

सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे कार्बन-१४ संपतो. मग डायटमांच्या जाती कधी अवतरल्या नि कधी नष्ट झाल्या ते बघायचं, आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या उलटापालटी शोधायच्या. सगळ्यांत अलीकडची मोठी उलटापालट सुमारे ७,७५,००० वर्षांपूर्वीची. गाळात मोठा खंड पडला असेल तर मधलीच एखादी उलटापालट गायब असते, आणि खालची वरची समजून बसतो. म्हणून डायटम आणि चुंबकत्व दोन्ही एकमेकांना धरून तपासायचे, एकट्यावर वय ठरवायचं नाही.

सावधान: आलेखाचे शेंडे पृथ्वीच्या कक्षेच्या ४१,००० वर्षांच्या चक्राला जुळवून वय ठरवलंत, आणि मग त्याच आलेखात ४१,००० वर्षांचं चक्र ‘सापडलं’ म्हणून जाहीर केलंत, तर तुम्ही स्वतःच ठेवलेली वस्तू शोधून काढली आहे. परीक्षक हा प्रश्न पहिला विचारतो. चक्र शोधायचं असेल तर वयाचे बिंदू कक्षेपासून स्वतंत्र हवेत.

नमुन्यांतलं अंतर इथेच ठरवा. गाळ हजार वर्षांना २ सेंमी साचत असेल तर ४१,००० वर्षं म्हणजे ८२ सेंमी. दर १० सेंमीला नमुना घेतला तर एका चक्रात आठेक नमुने येतात, काम चालतं. दर मीटरला घेतला तर काहीच दिसणार नाही, आणि जे दिसेल ते खोटं असेल.

५. नमुन्याची तयारी, बडोद्याच्या हवेत

नमुना हाती येताच त्याचे वाटे करा. रासायनिक आणि समस्थानिक कामाचा वाटा सगळ्यात आधी बाजूला काढून बंद करा. त्याला कुठलंही रसायन लागता कामा नये. मग उरलेल्यावर धुणं-चाळणं. हा क्रम उलटा केला की नमुना परत मिळत नाही. कोअर-भांडारं दुसऱ्यांदा त्याच जागेचा नमुना द्यायला फारशी राजी नसतात, आणि ते बरोबरच आहे.

गाळ ४०–५० अंशांवर सुकवा, किंवा गोठवून सुकवायची सोय असेल तर उत्तम. १०५ अंशांवर भट्टीत टाकला तर चिकणमातीचे गोळे विटेसारखे होतात. कोरडं वजन घ्यायचं ते धुण्यापूर्वी. इथे दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, छिद्रांतलं खारं पाणी सुकल्यावर मीठ मागे राहतं. ओल्या नमुन्यात निम्मं पाणी असेल तर कोरड्या वजनात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं. ते वजा करा. दोन, आपल्याकडे आषाढ-श्रावणात सुकवलेला गाळ ताटलीतच हवेतलं पाणी ओढतो. डायटमांचा आणि फुगीर चिकणमातीचा गाळ तर वजनकाट्यावर डोळ्यांदेखत जड होत जातो. शेवटचा आकडा ठरतच नाही. ओव्हनमधून काढून थेट डेसिकेटरमध्ये ठेवा, निळ्या सिलिका जेलचा रंग गुलाबी झाला असेल तर आधी ते सुकवा, आणि एकेक ताटली काढून झटपट वजन करा. दहा ताटल्या टेबलावर मांडून सावकाश वजन करत बसायचं काम फक्त जानेवारीत जमतं.

यापेक्षा मोठी अडचण चाळण्यांची. इथल्या प्रयोगशाळांत त्याच चाळण्यांवर वर्षभर महीची वाळू चाळली जाते. १५० मायक्रॉनच्या जाळीच्या डोळ्यात अडकलेला क्वार्ट्झचा एक कण अंटार्क्टिकाच्या नमुन्यात पडला, तर तो कुठून आला हे सूक्ष्मदर्शकाखालीही सहज ओळखू येत नाही. चाळणी ध्वनिलहरींच्या टबात धुवा, उजेडावर धरून भिंगातून जाळी बघा, आणि जमल्यास या कामासाठी वेगळा संच ठेवा. मे महिन्यात खिडकी उघडी ठेवून नमुने सुकवू नका. शेवटची खळबळ डिस्टिल्ड पाण्याने करा, बोअरच्या जड पाण्याने कणांवर पांढरी पुटं चढतात आणि चुनखडीच्या खड्यांचा भास होतो.

खऱ्या नमुन्याला हात लावण्याआधी एक सराव करा. गणपतीची शाडूची माती घ्या. ती आधी चाळून तिच्यात स्वतःचे भरड कण किती आहेत ते मोजून ठेवा. मग फोडलेल्या क्वार्ट्झचे २०० कण मोजून तिच्यात मिसळा, भिजवा, आणि सगळी पद्धत शेवटपर्यंत करा. परत किती कण हाती येतात? पहिल्या वेळी जे हरवतात ते बहुतेक चाळणीच्या कडेच्या खाचेत किंवा पाण्याच्या फवाऱ्याबरोबर बाहेर गेलेले असतात. २०० च्या जवळ पोचेपर्यंत खरा नमुना उघडू नका.

६. चाळणं आणि मोजणं

नमुना पाण्यात रात्रभर भिजू द्या. मोकळा होत नसेल तर सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटचं सौम्य द्रावण वापरा. आम्ल नको. हायड्रोक्लोरिक आम्लाने फोरॅमिनिफेरा जातात, आणि चुनखडीचे खडेही जातात. उत्तर अटलांटिकमध्ये हडसन सामुद्रधुनीतून आलेल्या हाइनरिश थरांची (हिमनगांच्या मोठ्या लोंढ्यांनी टाकलेल्या खड्यांच्या थरांची) ओळखच मुळी चुनखडी आणि डोलोमाइटच्या कणांवरून पटते. तिथे आम्ल म्हणजे पुरावा नष्ट करणं.

मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या फवाऱ्याने धुवा. बोटाने चोळू नका: बर्फाखाली घट्ट झालेल्या गाळाच्या बारीक गोळ्या कधीकधी तशाच हिमनगातून येतात. त्या स्वतःच पुरावा आहेत, आणि चोळल्या की पाण्यात विरघळून जातात. नमुना ध्वनिलहरींच्या टबात टाकणंही त्याच कारणाने टाळा. चाळणीवर उरलेलं सुकवा, आधी फोरॅमिनिफेरा वेचून घ्या, मग १५० मायक्रॉनवर कोरडं चाळा.

कुठल्या मापावरचे कण मोजायचे? कोणी १५० मायक्रॉनवरचे मोजतं, कोणी २५० मायक्रॉन ते २ मिलिमीटर, तर कोणी क्ष-किरण प्रतिमेत २ मिलिमीटरवरचे. कुठलंही चालेल, पण एकदा ठरवलं की बदलू नका, आणि वेगळ्या मापाच्या आकडेवारीशी थेट तुलना करू नका. वाऱ्याने येणारी धूळ आणि खोल समुद्रातल्या संथ प्रवाहांनी वाहिलेला माल बव्हंशी १५० मायक्रॉनच्या खाली राहतो, म्हणून ही सीमा. मात्र समुद्रात गोठलेला किनारी बर्फही कधीकधी भरड माल नेतो, तेव्हा १५० मायक्रॉनवरचा प्रत्येक कण हिमनगाचा असं नाही.

कण जास्त असतील तर विभाजकाने वाटे करा, चमच्याने नको. चमच्यात मोठे कण आधी येतात. निदान ३०० कण मोजा आणि प्रकारवार लिहा: स्वच्छ क्वार्ट्झ, गंज चढलेला क्वार्ट्झ, फेल्डस्पार, खडकांचे तुकडे, गडद खनिजं, चुनखडी, ज्वालामुखीची काच. काच आणि ताजे लाव्ह्याचे कण वेगळ्या रकान्यात ठेवा. साउथ सँडविच बेटांजवळ त्यांची राख थेट पाण्यात पडते, हिमनगाची गरजच नसते. समुद्रतळावरच तयार झालेले मँगनीजचे बारीक गोळे, पायराइट आणि हिरवा ग्लॉकोनाइट एकूण संख्येत धरू नका.

संख्येतली चूक तिथल्या तिथे लिहा. ९ कण मिळाले तर त्यातली चूक साधारण ३. आठवा वाटा मोजून २५ कण मिळाले, तर पूर्ण नमुन्यात २०० नाही, २०० अधिक-उणे ४०. आलेखातले निम्मे शेंडे एवढ्यानेच खाली बसतात.

तपासा: दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दुसऱ्याकडून मोजून घ्या, त्याला खोली न सांगता. खोली माहीत असली की डोळा आपोआप हवं ते शोधतो. सेव-उसळ खाऊन लगेच मोजायला बसू नका हेही सांगून ठेवतो: लाल तरीचं बोट काचपट्टीला लागलं की गंज चढलेले क्वार्ट्झ एकदम वाढतात.

७. संख्येवरून ओघाकडे

एका ग्रॅममधले खडे ही संख्या फसवी आहे. डायटमांचा वर्षाव वाढला की खडे तेवढेच असूनही संख्या घटते. तो कमी झाला की वाढते. म्हणून काढायचा तो ओघ: एका चौरस सेंटिमीटरवर हजार वर्षांत किती खडे पडले.

ओघ = एका ग्रॅममधले खडे × कोरडी घनता × गाळ साचण्याचा वेग

दोन काल्पनिक नमुने घ्या, दोन्हींची कोरडी घनता ०.८ ग्रॅम प्रति घन सेंमी. पहिल्यात ग्रॅममागे ४० खडे, गाळ हजार वर्षांना ५ सेंमी: ओघ १६०. दुसऱ्यात ग्रॅममागे १०० खडे, गाळ हजार वर्षांना १ सेंमी: ओघ ८०. संख्येने दुसरा अडीचपट, ओघाने पहिला दुप्पट. निष्कर्ष बरोबर उलटा.

कोरडी घनता थेट मोजली नसेल तर ओल्या घनतेतून छिद्रांतल्या पाण्याचं वजन वजा करून काढतात: ओली घनता − (१.०२६ × सच्छिद्रता), सच्छिद्रता दशांशात. मात्र ओघाचा आकडा वयाच्या बिंदूंवर लटकलेला असतो. दोन वयबिंदूंमधला वेग सरसकट एकच धरला असेल, तर बिंदूपाशी ओघ पायरीसारखा उडी मारतो. ती उडी हिमस्तराची नाही. म्हणून संख्या आणि ओघ दोन्ही आलेख एकाखाली एक द्या, एक लपवू नका.

८. खडे कुठल्या खडकाचे?

हा टप्पा खर्चिक आहे, पण ‘बर्फ मागे हटला’ असं म्हणायचं असेल तर याला पर्याय नाही. हॉर्नब्लेंड या गडद खनिजाच्या एकेका कणाचं वय आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने काढतात: पूर्व अंटार्क्टिकाच्या प्रिड्झ उपसागराच्या भागात ते सुमारे ५० कोटी वर्षं येतं, विल्क्स लँडच्या बाजूला ११० ते १२० कोटी. प्रिड्झ उपसागराजवळच्या ११६५ या जागेवर विल्क्स लँडचे कण सापडले, म्हणजे हिमनग १५०० किलोमीटरहून जास्त वाहत आले होते. आपलं भारती केंद्र त्याच उपसागराच्या किनाऱ्यावर, लार्समन टेकड्यांत आहे, म्हणून इथल्या मुलांचा ओढा तिकडे असतो. पण जागा भारतीजवळची आहे म्हणून खडेही तिथलेच, असं कदापि धरू नका.

बारीक मातीतलं निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं प्रमाण, म्हणजे मूळ खडकाचा ठसा, वेगळी गोष्ट सांगतं. माती हिमनगातून फार लांब जात नाही, ती जवळच्या खोऱ्यातून येते. यू१३६१ वर प्लायोसीनच्या (सुमारे ५३ ते २६ लाख वर्षांपूर्वीच्या) उबदार काळातल्या मातीचा ठसा बदललेला दिसला आणि तो बर्फाखाली दडलेल्या विल्क्स खोऱ्याच्या आतल्या खडकांशी जुळला. त्यावरून, बर्फाचा काठ काही शे किलोमीटर आत सरकला होता, असा निष्कर्ष २०१३ मध्ये मांडला गेला. तो नुसत्या खड्यांच्या संख्येवरून कधीच मांडता आला नसता. खडे लांबचे आणि माती जवळची असू शकते, तेव्हा दोन्हींची मापं एकाच रकान्यात मिसळू नका.

९. अर्थ लावणं

आता सगळे आलेख एका वयपट्टीवर एकाखाली एक लावा: गाळाचा प्रकार, खड्यांचा ओघ, ओपल (डायटमांच्या कवचांची सिलिका) किंवा बेरियमवरून काढलेली जैविक उत्पादकता, खडकाचा ठसा.

ओघ वाढला, उत्पादकताही वाढली आणि मातीचा ठसा आतल्या खोऱ्याचा झाला, तर बर्फ मागे हटत होता असं म्हणायला बळ मिळतं. ओघ वाढला पण उत्पादकता घटली आणि उतारावरचे लोंढे वाढले, तर बर्फ पुढे येऊन खंडमंचाच्या काठाशी टेकला असावा. ओघ घटला, तर घाई करू नका. हिमनग कमी सुटले असतील. ते कडाक्याच्या थंडीत न वितळता आपल्या जागेवरून पुढे निघून गेले असतील. किंवा मोठ्या बर्फमंचाखालीच सगळा माल गळून पडला असेल आणि पुढे निघालेले हिमनग स्वच्छ असतील. स्कॉशिया समुद्रात २०,००० ते ९,००० वर्षांपूर्वीच्या काळात खड्यांच्या ओघाचे आठ शेंडे दाखवले गेले आणि त्यांचा अर्थ हिमस्तराने बर्फ गमावला असा लावला गेला. तो तिथे पटतो, कारण तिथे अनेक हिमनद्यांचे हिमनग एकत्र येतात आणि कालमापन भक्कम आहे. तोच नियम एका लहान उपसागरातल्या एका कोअरला लावता येत नाही.

सावधान: खड्यांवरून बर्फाचं घनफळ किंवा समुद्रपातळी मीटरमध्ये काढू नका. त्यासाठी लागणारी साखळी या पुराव्यात नाही.

गाळात खंड असलेल्या जागी आलेखाची रेघ सलग ओढू नका, तिथे मोकळी जागा सोडा. संगणक प्रणाली रेघ आपोआप जोडते, तो पर्याय बंद करा.

शेवटी जो तक्ता जोडाल त्यात नमुन्याचा पूर्ण पत्ता, खोली कुठल्या पट्टीवरची, कोरडं वजन मीठ वजा केलेलं की नाही, मोजलेला वाटा कितवा, मोजलेले कण आणि मोजणाऱ्याची आद्याक्षरं असे रकाने हवेत. मोजलेले कण फेकू नका. काचपट्टीवर त्याच पत्त्याची चिठ्ठी लावून डबीत ठेवा. परीक्षकाने ‘हा क्वार्ट्झ दाखवा’ म्हटलं तर ती डबीच उघडून दाखवता आली पाहिजे.